आधी घरचा न्याय

रमजानच्या पानावर सूफी संत, विद्वान, हकीम यांची चरित्रे वाचायची आपल्याला सवय आहे. आजचे चरित्र एका सिनेमावाल्याचे आहे. ‘मदर इंडिया’ काढणारे मेहबूब खान. त्यांचे पूर्ण नाव मेहबूब खान रमजान खान. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे नावापुढे वडिलांचे नाव, आणि वडिलांचेच नाव रमजान. अर्थात नावाच्या या योगायोगापलीकडे जाऊन सांगण्यासारखे त्यांच्यात पुष्कळ आहे.

रोजा ही अशी इबादत आहे की तिला बाहेरचा साक्षीदार नसतो. नमाज लोकांना दिसते, जकात निदान घेणाऱ्याला कळते, हजची बातमी गावभर होते. रोजा मात्र ठेवणाऱ्याला आणि अल्लाहलाच ठाऊक. बंद खोलीत पाण्याचा घोट घेतला तर कोणाला कळणार? तरीही माणूस तो घेत नाही. महिनाभर तो स्वतःचाच पहारेकरी आणि स्वतःचाच न्यायाधीश असतो. दुसऱ्याचा न्याय करणे सोपे असते, स्वतःचा आणि आपल्या माणसांचा करणे कठीण. मेहबूब खान यांचे उत्तम चित्रपट याच कठीण जागेवर येऊन उभे राहतात. कॅमेरा कुठे ठेवायचा, चेहरा किती जवळून दाखवायचा, कथा कुठे थांबवायची, हेही त्यांनी बहुधा याच नीतीवरून ठरवले.

मेहबूब खान यांचा जन्म १९०७ साली बिलीमोऱ्याचा. हे गाव तेव्हा बडोदा संस्थानात होते. शालेय शिक्षण नावापुरतेच झाले. पुढे त्यांच्या चित्रपटांवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले, पण स्वतः मेहबूब पुस्तकी माणूस नव्हते. सिनेमाच्या ओढीने ते कोवळ्या वयात मुंबईत आले आणि अर्देशीर इराणी यांच्या इम्पिरियल कंपनीत गर्दीतला एक चेहरा म्हणून उभे राहू लागले. १९२७ च्या ‘अलीबाबा’ या मूकपटात चाळीस चोरांपैकी एक चोर ते होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट तयार होत असताना नायकाच्या भूमिकेसाठी त्यांचेही नाव चर्चेत होते, असे सांगतात. ती भूमिका मिळाली मास्टर विठ्ठल यांना. मूकपटांच्या जमान्यातला हा मराठी नायक तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता. नट म्हणून मेहबूब यांचे नशीब तिथेच अडले, आणि ते कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला वळले.

१९३५ मध्ये सागर मूव्हीटोनने त्यांना पहिला चित्रपट दिला. त्याचे नाव ‘अल हिलाल’, आणि इंग्रजी नाव ‘जजमेंट ऑफ अल्लाह’. तलवारी, घोडे, रोमन आणि मुस्लिम फौजा अशी ती पोशाखी कथा होती. त्यात तत्त्वज्ञान शोधायला जाऊ नये. पण पहिल्याच चित्रपटाच्या नावात न्याय आला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. याच चित्रपटापासून त्यांना फरदून इराणी हे पारशी छायालेखक भेटले आणि ही जोडी अखेरपर्यंत टिकली. मेहबूब यांच्या शैलीविषयी जे जे बोलले जाते, त्यातला निम्मा वाटा फरदून यांच्या डोळ्याचा आहे.

१९४० च्या दशकात त्यांनी स्वतःची संस्था काढली, मेहबूब प्रॉडक्शन्स. तिचे बोधचिन्ह जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. पडद्यावर विळा आणि हातोडा येई, त्यावर त्यांच्या नावाचे अक्षर असे, आणि पाठोपाठ भारदस्त आवाजात एक उर्दू शेर ऐकू येई. त्या शेराचा आशय असा, की कोणी कितीही वाईट चिंतले तरी घडते ते ईश्वराला मंजूर असेल तेच. चिन्ह कष्टकऱ्यांच्या क्रांतीचे आणि शब्द श्रद्धेचे. अनेकांना ही विसंगती वाटली, काहींनी थट्टाही केली. मेहबूब पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. ते नमाजी होते, आणि हाताने कष्ट करून वर आलेले होते. घाम आणि सजदा या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात शेजारी शेजारी होत्या, म्हणून चिन्हातही शेजारी आल्या. जे घडते ते त्याच्या मर्जीने, पण आपण जे करतो त्याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे. सामान्य श्रद्धाळू माणूस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानतो. मेहबूब यांच्या चित्रपटांतील पूर, आग, दुष्काळ हा या श्रद्धेचा पहिला भाग आहे, आणि त्या संकटात माणूस काय निवडतो हा दुसरा.

१९४२ चा ‘रोटी’ आज फारसा पाहिला जात नाही, पण रमजानमध्ये पाहावा असा तो चित्रपट आहे. त्यात दोन जगे समोरासमोर ठेवली आहेत. एकीकडे शहरातला लक्ष्मीदास, ज्याला सोन्याची भूक आहे. दुसरीकडे पैसा म्हणजे काय हेच ठाऊक नसलेली आदिवासी वस्ती, जिथे वस्तूच्या बदल्यात वस्तू दिली जाते. लक्ष्मीदास विमान कोसळून या वस्तीत पोहोचतो आणि हीच माणसे त्याला जगवतात. चंद्रमोहन यांचे ते भेदक डोळे, शेख मुख्तार आणि सितारादेवी यांची जोडी आणि अख्तरीबाई फैजाबादी, म्हणजे पुढच्या बेगम अख्तर, असा तो संच होता. शेवटी लक्ष्मीदास गाडीत सोने भरून पळतो आणि वाळवंटात अडकतो. सोने आहे, पाणी नाही. तो तहानेने मरतो.

ही मांडणी ढोबळ आहे, असे म्हणता येईल. एक जग इकडे, दुसरे तिकडे, मधली छटा नाही. पण मेहबूब यांना छटा दाखवायच्याच नव्हत्या. तराजूत दोन पारडी असतात आणि ती एकमेकांसमोरच असावी लागतात. दिवसभर रोजा ठेवलेल्या माणसाला मगरिबच्या अजानपूर्वीच्या शेवटच्या पाच मिनिटांत पाण्याच्या पेल्याची जी किंमत कळते, ती ‘रोटी’च्या शेवटी लक्ष्मीदासला कळते, पण उशिरा. बचतीतून दरवर्षी अडीच टक्के जकात काढायची, ईदच्या नमाजीपूर्वी फितरा द्यायचा, या आज्ञांमागे हेच तर आहे: अडवून ठेवलेली संपत्ती कोणाची तहान भागवत नाही.

मेहबूब यांचा न्याय फक्त श्रीमंतांपुरता नव्हता. ‘नजमा’ (१९४३) आणि ‘एलान’ (१९४७) हे त्यांचे चित्रपट मुस्लिम घरांतले आहेत. शिक्षणाकडे पाठ फिरवणाऱ्या, जुन्या ऐटीत बुडालेल्या आपल्याच समाजाला ‘एलान’मध्ये त्यांनी खडे बोल सुनावले. सालही पाहा, १९४७. चारी बाजूंनी दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा तो काळ होता. त्या वर्षी या माणसाने आपल्या अंगणातला कचरा दाखवला.

त्यानंतर ‘अंदाज’ (१९४९) आणि ‘अमर’ (१९५४) आले. ‘अंदाज’मध्ये नर्गिस, दिलीपकुमार आणि राज कपूर एकत्र होते. तिघांपैकी कोणीही खलनायक नाही. गैरसमज, संशय आणि न बोललेले शब्द मिळून सर्वनाश करतात. ‘अमर’मध्ये मेहबूब आणखी पुढे गेले. दिलीपकुमार त्यात वकील आहेत. न्यायाची बाजू मांडणारा, चारचौघांत मान असलेला माणूस. वादळी रात्री आसऱ्याला आलेल्या गवळ्याच्या मुलीवर तो अत्याचार करतो आणि गप्प राहतो. त्या काळी लाडक्या नायकाला असे गुन्हेगार म्हणून उभे करणे म्हणजे धंद्याच्या दृष्टीने आत्मघातच. चित्रपट पडला. पण त्याची शैली पाहण्यासारखी आहे. ‘आन’ (१९५२) या रंगीत चित्रपटात रंग, घोडदौड आणि मोकळी मैदाने उधळणारे मेहबूब इथे बंद खोल्या, पाऊस आणि सावल्या यांत शिरतात. गुन्हा लपलेला आहे, म्हणून उजेडही कमी आहे. नायकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका वेळ थांबतो की प्रेक्षकालाच अवघडल्यासारखे होते. कोणी पाहत नसताना केलेल्या पापाचा साक्षीदार मग प्रेक्षकच होतो.

आता ‘मदर इंडिया’. ही कथा मेहबूब यांनी दोनदा सांगितली. आधी १९४० मध्ये ‘औरत’ म्हणून, नायिका सरदार अख्तर. पुढे दोन वर्षांनी त्यांच्याशी मेहबूब यांचा विवाह झाला. सतरा वर्षांनी तीच कथा नर्गिसला घेऊन रंगांत आणि मोठ्या पटावर आली. सुखीलाला सावकार मात्र दोन्ही चित्रपटांत कन्हैयालाल हेच होते. सासूने लग्नासाठी घेतलेले पाचशे रुपयांचे कर्ज, त्यावर पिकाचा तीन चतुर्थांश हिस्सा व्याजापोटी, आणि पिढ्या संपल्या तरी न संपणारी मुद्दल. महाराष्ट्राच्या वाचकाला हे परके वाटणार नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले आणि ती आग दख्खनभर पसरली. १९२५ मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ काढला, त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. इस्लामने व्याज निषिद्ध मानले ते याच पिळवणुकीमुळे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, माफ करता आले तर अधिक चांगले, अशी कुराणाची शिकवण आहे. मेहबूब यांना हा विषय पुस्तकात शोधावा लागला नाही.

चित्रपटाची सुरुवात आठवा. म्हातारी राधा शेतात बसली आहे, हातात मातीचे ढेकूळ आहे, आणि मागे ट्रॅक्टर चालला आहे. फरदून इराणी यांनी अनेकदा कॅमेरा जमिनीलगत ठेवून नर्गिसला आभाळाच्या पार्श्वभूमीवर टिपले. खांद्यावर नांगराचे जू घेतलेली ती बाई राजा-महाराजांच्या तसबिरीपेक्षा उंच दिसते. समीक्षकांना इथे सोव्हिएत चित्रपटांची आठवण होते, ती योग्यच आहे. पण मेहबूब यांच्या दृष्टीने कष्टाला उंची देणे ही नीतीची गोष्ट होती. घाम गाळणाऱ्याकडे मान वर करून पाहावे, असे त्यांना वाटे, म्हणून त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. चित्रपटातली कष्टाची दृश्येही घाईत उरकलेली नाहीत. नांगरणी, दगड उपसणे, चिखल तुडवणे ही दृश्ये लांबतात, कारण कष्ट लांबच असतात.

मग बिरजू येतो. आईच्या गहाण पडलेल्या कंगनांसाठी जळणारा, अन्याय उघड्या डोळ्यांनी पाहणारा धाकटा मुलगा. तो डाकू होतो, सुखीलालाला ठार करतो, त्याच्या चोपड्या जाळतो. इथवर प्रेक्षक त्याच्याच बाजूने असतो, आणि खरे सांगायचे तर मेहबूबही असतात. त्यानंतर तो सुखीलालाच्या मुलीला, रूपाला, लग्नघरातून उचलून नेतो. आता राधा बंदूक उचलते. ज्या माणसाने तिचा नवरा, शेत, अब्रू सगळे मातीत घालायचा प्रयत्न केला, त्याचीच ही मुलगी. तिच्यासाठी राधा पोटच्या पोरावर गोळी झाडते आणि मग त्यालाच छातीशी धरून रडते.

कुराणात न्यायाविषयी दोन आज्ञा आहेत. एक ‘अन्-निसा’ या अध्यायात: न्यायावर ठाम राहा, मग साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध द्यावी लागली तरी. दुसरी ‘अल्-माइदा’मध्ये: कोणाच्या वैरामुळे त्याच्यावर अन्याय करू नका. पहिलीत आपल्या माणसाविषयीचे प्रेम आड येते, दुसरीत शत्रूविषयीचा द्वेष. राधाच्या त्या एका क्षणात दोन्ही आज्ञा एकत्र आल्या आहेत. मेहबूब यांनी या आयती मनात ठेवून दृश्य रचले, असा दावा मी करणार नाही. पण पाच वेळ नमाज पढणाऱ्या माणसाच्या हाडीमासी ही शिकवण भिनलेली असणार, एवढे म्हणायला हरकत नाही. आणि ती एका हिंदू शेतकरणीच्या रूपाने, होळीच्या रंगात आणि लक्ष्मीच्या देव्हाऱ्यासमोर पडद्यावर आली, तेव्हा देशातल्या कोणालाही ती परक्याची वाटली नाही. संवाद वजाहत मिर्झा आणि एस. अली रजा यांचे, गीते शकील बदायुनी यांची, संगीत नौशाद यांचे, छायालेखन फरदून इराणी यांचे, बिरजू सुनील दत्त, शामू राजकुमार. तेव्हा अशा नामावलीकडे कोणी नवल म्हणून पाहत नसे.

मेहबूब यांच्या न्यायात मात्र एक खोट आहे आणि ती झाकून ठेवू नये. न्यायाचा भार ते नेहमी स्त्रीच्या खांद्यावर टाकतात. ‘अंदाज’मध्ये गैरसमज तिघांचा, पण जन्मठेप नायिकेला आणि शिकवण अशी, की मोकळ्या वागणुकीचे हे फळ. ‘अमर’मध्ये गुन्हेगाराला भर कोर्टात कबुली द्यायला लावणारे मेहबूब अखेरीस पीडितेचे लग्न त्याच गुन्हेगाराशी लावून मोकळे होतात. आज कोणतेही शहाणे न्यायालय अशा तडजोडीला न्याय म्हणणार नाही. ‘मदर इंडिया’तही राधाची लढाई गावाच्या लाजेची म्हणून मांडली आहे. रूपा स्वतः एक माणूस आहे आणि तिचा स्वतःचा हक्क आहे, हे त्या गदारोळात मागे पडते. काळाची मर्यादा म्हणून हे सोडून देता येईल. पण घरच्या माणसाचाही न्याय करावा, हे ज्यांच्याकडून शिकायचे त्यांच्या बाबतीत सूट कशी द्यायची? माझ्या वर्गातल्या मुली ‘अमर’चा शेवट ऐकून रागावतात, तेव्हा त्या मेहबूब यांचाच तराजू मेहबूब यांच्यावर वापरत असतात.

‘मदर इंडिया’ हे नावच मुळात एक उत्तर होते. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकी बाईंनी याच नावाचे पुस्तक लिहून भारतीयांची नालस्ती केली होती. त्यामुळे चित्रपटाच्या नावाविषयी सरकारी पातळीवर शंका निघाल्या. मेहबूब यांनी संहिता पाठवून खुलासा केला, की आपली कथा त्या पुस्तकाच्या नेमकी उलट आहे. चित्रीकरणासाठी त्यांनी बिलीमोऱ्याचा आपला मुलूखही निवडला. सुरतजवळच्या उमरा गावी आगीचे दृश्य घेताना वारा फिरला, नर्गिस ज्वाळांत सापडल्या आणि सुनील दत्त यांनी आत शिरून त्यांना बाहेर काढले. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पुढे दोघांचे लग्न झाले. २५ ऑक्टोबर १९५७ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात ‘मदर इंडिया’ झळकला. परभाषेतील सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट. फेलिनी यांच्या चित्रपटापुढे तो अवघ्या एका मताने मागे पडला, असे आजही सांगितले जाते.

१९५४ मध्ये त्यांनी वांद्र्याला उभारलेला मेहबूब स्टुडिओ पुढे कित्येक दिग्दर्शकांचे कामाचे घर झाला. १९६२ चा ‘सन ऑफ इंडिया’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट चालला नाही. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पंडित नेहरूंवर त्यांची मोठी श्रद्धा होती. धरणे, कालवे, ट्रॅक्टर यांतून गरिबाचे दिवस फिरतील, हा नेहरूंचा विश्वास ‘मदर इंडिया’च्या पहिल्या दृश्यात दिसतो. पण त्याच चित्रपटाच्या अखेरीस कालव्याचे पाणी वाहू लागते तेव्हा राधाला ते रक्तासारखे लाल दिसते. विकासाचे पाणी कोणाच्या तरी रक्तावरून आले आहे, हे नेहरूंचा चाहता असूनही मेहबूब विसरले नाहीत. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले. दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, मेहबूब खान यांचे निधन झाले. वय छप्पन्न. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात ते विसावले आहेत.

या महिन्यात एखाद्या रात्री तरावीहनंतर, किंवा सुटीच्या दुपारी, घरातल्या तरुणांना सोबत घेऊन ‘मदर इंडिया’ पुन्हा पाहावा. राधा बंदूक उचलते तिथे जरा थांबावे आणि मुलांना विचारावे, की तिने बरोबर केले का? उत्तरे वेगवेगळी येतील. कोणी म्हणेल, कायदा होता, पोलीस होते, गोळी कशाला? कोणी म्हणेल, बिरजूला डाकू बनवणाऱ्या व्याजाच्या वहीचा हिशेब कोण देणार? या वादात मोठ्यांनीही आपली बाजू मांडावी आणि मुलांचीही ऐकून घ्यावी.